घाटावरचं माशाचं सूप

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना समुद्र नाही. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात ज्या पाच नद्यांची नावं घेतात, त्यांतली सावित्री कड्यावरून कोकणात उतरते. कृष्णा, कोयना आणि वेण्णा समुद्राकडं पाठ करून देशावर येतात. त्यामुळं मासे आणि भाज्या घातलेल्या दाट, पोटभरीच्या सुपाचं पुस्तक या दोन जिल्ह्यांतल्या स्वयंपाकघरांसाठी काढायचं म्हटलं की समोरून येणारं उत्तर ठरलेलं असतं. आपल्याकडं मटण. मासं खावं ते कोकणात जाऊन. आणि सूप म्हणजे लग्नाच्या बुफेत जेवणाआधी कपात मिळणारं, कॉर्नफ्लोअर लावलेलं, मक्याचे चार दाणे तरंगणारं पांढरट पाणी. त्यानं कुणाचं पोट भरलंय?

बुफेतल्या सुपाबद्दल माझं मत याहून बरं नाही, तेव्हा त्याची बाजू घेणार नाही. मटणाबद्दल वाद घालायची या भागात सोय नाही. जत्रेला, जावळाला, पाहुणा आला की मटणच. आणि माशाकडं पुष्कळ घरांत जरा खालच्या नजरेनं पाहिलं जातं. त्याचं भांडं वेगळं असतं, कुठं कुठं चूलसुद्धा परड्यात वेगळी मांडतात. तरीही माझं म्हणणं असं आहे की या सुपाला लागणारं सगळं कसब कृष्णाकाठच्या आणि कोयनाकाठच्या बायकांच्या हातात पूर्वीपासून आहे. ते फक्त एका पातेल्यात आलेलं नाही. हे पुस्तक त्या पातेल्यासाठी आहे.

सुपाचं मूळ म्हणजे चांगलं पाणी, आणि ते आपल्याकडं अळणीच्या रूपानं आहेच. मटण शिजत आलं की वाटण आणि चटणी पडण्याआधी वाटी-दोन वाट्या पाणी बाजूला काढायचं, किंचित हळद-मीठ, असलं तर चमचाभर तूप, आणि ते लहान पोरांना, म्हाताऱ्यांना, तापातून उठलेल्याला, बाळंतिणीला द्यायचं. घरातला तिखटखाऊ माणूसही सर्दी झाली की निमूटपणे अळणी मागतो. हाडांतला कस पाण्यात उतरवायचा आणि तो मसाल्याच्या आधी चाखायचा ही समज साध्या घरातही आहे. मग माशाची अळणी का नसावी? डोकी आणि कणे मांजरापुढं टाकायचे आणि तुकडे तेवढे तिखटात शिजवायचे, असं आपण करतो. सुपाचा अर्धा जीव त्या टाकलेल्या भागात असतो.

मात्र मटणाची सवय इथं आडवी येते. मटणाला तास-दीड तास लागतो म्हणून माशाची डोकीही तितकाच वेळ उकळली, तर पाणी गढूळ होतं आणि कडवटपणा येतो. माशाचे काटे बारीक, आणि त्यांतला चिकट अंश मटणाच्या हाडांपेक्षा कमी उष्णतेला सुटतो. वीस-पंचवीस मिनिटं मंद आच पुरे. खळखळ उकळी नको. डोक्यातले कल्ले आधी काढून टाकायचे, कारण रक्त आणि गाळ तिथं साठतो. प्रेशर कुकरची शिट्टी इथं अजिबात वाजू द्यायची नाही.

आता मासे कुठले? पैठणी शालूसारखी मिरवणारी पापलेटं या पुस्तकात शोधू नका. आपल्या नद्यांची स्वतःची मासळी आहे आणि तिचा लेखी इतिहासही जुना आहे. मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खन पालथं घालणारे कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ साली इथल्या गोड्या पाण्यातल्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. दख्खनच्या महसीरची, म्हणजे आपल्या खडशीची, शास्त्रीय नोंद त्यांच्याच नावावर आहे. भोई मंडळींच्या जाळ्यात आजही मरळ, शिंगाळा, वाम हे जुने मासे येतात, पण बाजारातलं राज्य आता त्यांचं राहिलेलं नाही. नद्यांवर धरणं झाली, कोयनेचा शिवसागर झाला, आणि साठलेल्या पाण्यात कटला, रोहू, मृगळ सोडले गेले. हे तिघं मूळचे उत्तरेतल्या नद्यांचे. १९५७ साली कटकला हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांची अंडी तळ्यातच मिळवून दाखवली, तेव्हापासून त्यांचं बीज देशभर पोचू लागलं. चिलापी तर आफ्रिकेची. ती १९५२ मध्ये भारतात आली आणि आता असं तळं नाही जिथं ती नाही. दुष्काळी बाजूच्या शेततळ्यांतही मासे सोडतात. म्हणजे आटपाडीच्या बाजाराला गेलेल्या बाईलाही जिवंत मासा दिसायला आता कराडच्या घाटावर यावं लागत नाही.

गोड्या पाण्यातल्या माशाविरुद्ध एक तक्रार मात्र खरी आहे: चिखलाचा वास. त्याचं कारण जिओस्मिन नावाचं द्रव्य. पाण्यातलं निळंहिरवं शेवाळ आणि मातीतले काही जिवाणू ते तयार करतात आणि माशाच्या चरबीत ते साठतं. गंमत म्हणजे मृगाच्या पहिल्या सरीनंतर जो वास आपण छाती भरून घेतो, त्यातही हेच द्रव्य असतं. अंगणात हवंहवंसं, ताटात नकोसं. आंबट लागलं की ते विघटित होतं, त्यामुळं आपल्याकडं नदीच्या माशाला चिंच लावून ठेवायची चाल नुसती चवीपुरती नाही. समुद्राच्या शिळ्या माशाचा जो वास येतो तो अमाइनचा; त्यालाही आंबट मारक. कोकणी माणूस तिथं आमसूल वापरतो, आपण चिंच, लिंबू, नाहीतर चुका. चुक्याच्या पाल्यात शिजलेला शिंगाळा या पुस्तकात मुद्दाम घेतला आहे. तो करून पाहिल्याशिवाय चुक्याची भाजी फक्त डाळीत घालायची असते असं कुणी ठरवू नये.

काट्यांचंही सांगितलं पाहिजे. रोहू-कटल्याच्या मांसात दुबेळके बारीक काटे असतात आणि सुपात ते दिसत नाहीत. त्यामुळं त्यांची अळणी उत्तम, पण तुकडे घरातल्या सवयीच्या माणसांना. पोरांच्या वाटीत मरळ, शिंगाळा किंवा झिंगे. मरळीला असे काटे नसतात आणि ती पचायला हलकी, म्हणून आजाऱ्याला मरळ हे जुनं मत बरोबरच आहे. ती महाग असते हे कबूल.

या पुस्तकाचा खरा नायक मात्र मासा नाही, खेकडा आहे. पाटण, जावळी, महाबळेश्वर या तालुक्यांत आणि शिराळ्याच्या डोंगरी बाजूला मृगाचा पाऊस पडला की ओढ्याकाठी बत्त्या हलायला लागतात. पूर्वी टेंभे असत, मग गॅसबत्ती, आता डोक्याला बांधायची बॅटरी. दगडाखालून, बांधाच्या बिळातून काळपट तपकिरी खेकडी निघतात आणि पोत्यात खुडबुड करत घरी येतात. सह्याद्रीत खेकड्यांच्या किती जाती आहेत याचा हिशोब अजून चालूच आहे. २०१६ साली एका फटक्यात पाच नव्या जातींची नोंद झाली. त्यांतल्या रंगीत, देखण्या जाती कड्याकपारीत राहतात. त्यांना तिथंच राहू द्यावं. पातेल्यात जाणारा खेकडा म्हणजे ओढ्याचा आणि भातखाचरातला, नेहमीचा.

खेकड्याचं कालवण करायची आपली रीत पाहा. पेंदे सोलून घ्यायचे, नांग्या वेगळ्या काढायच्या, आणि ज्या बारीक पायांत खायला काही नसतं ते पाट्यावर नाहीतर उखळात कुटायचे. त्यात पाणी घालून फडक्यातून पिळून घ्यायचं. जे करडं, दाट पाणी उरतं, त्यात कालवणाची सगळी चव. जगातल्या मोठ्या हॉटेलांत कवचं कुटून, गाळून सूप करतात आणि त्याला मोठं नाव देतात. डोंगरातल्या घरात ते काम वरवंट्यानं होतं. हे गाळलेलं पाणी आचेवर ठेवलं की त्यातलं प्रथिन गोठतं आणि फुटल्या दुधागत चोथा वर येतो. घाबरायचं कारण नाही. आच बारीक ठेवून डाव सतत फिरवायचा, आणि आधी चमचाभर हरभऱ्याचं पीठ पाण्यात कालवून लावायचं, म्हणजे सूप एकजीव राहतं. जुन्या बायका बेसन लावतात ते याचसाठी.

एक सूचना कडक आहे. गोड्या पाण्यातल्या कच्च्या खेकड्यात फुप्फुसाला जडणाऱ्या जंताचे अंश असू शकतात. नीट उकळी आली की ते मरतात. पण ज्या पाट्यावर पाय वाटले, त्याच पाट्यावर न धुता कोशिंबिरीची मिरची वाटायची नाही. मिक्सरचं भांडंही साबणानं, गरम पाण्यानं धुवायचं. आणि सूप चाखायचं ते उकळी आल्यावर, आधी नाही.

खेकड्याच्या सुपात भाजी कुठली, यावर घराघरांत मतं वेगळी. माझं मत शेवग्याच्या शेंगा आणि लाल भोपळा. शेंग चोखायची, नांगी चोखायची, दोन्ही कामं एकाच जातीची. भोपळा विरघळून सुपाला अंग देतो आणि खेकड्याच्या गोडीला त्याची गोडी जुळते. वांगं इथं नको.

वांग्याची जागा सुकटीपाशी आहे. ओला मासा या भागात नदीकाठचा, पण सुका मासा सगळ्यांचा. चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढून येणारी सुकट, जवळा, बोंबील, वाकट्या, खारा बांगडा यांचे ढीग आठवडी बाजारात मिरचीच्या ढिगाशेजारी बसतात. माण, खटाव, जत, कवठेमहांकाळ या कोरड्या तालुक्यांत, जिथं उन्हाळ्यात नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात, तिथंही गाडग्यात मूठभर सुकट निघते. भाजी नसलेल्या दिवसाची ती भाजी.

हा सुका मासा घाटावर रुजला त्याला आणखी एक वाट आहे, आणि ती मुंबईहून येते. साताऱ्या-सांगलीची हजारो माणसं गिरणीत, गोदीत आणि माथाडी कामावर गेली. गिरणगावातल्या एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीनं झोपत आणि जेवायला खानावळीत जात. खानावळी चालवणाऱ्या बाया बहुतेक गिरणी कामगारांच्याच घरच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी. त्या पंगतीत रत्नागिरीचा आणि साताऱ्याचा गडी मांडीला मांडी लावून बसला. घाटी म्हणून हिणवला गेलेला माणूस तिथं बोंबील-बटाटा, कोलंबी-वांगं, जवळा-दोडका खायला शिकला, आणि दिवाळीला, जत्रेला गावी येताना पिशवीत सुकी मासळी घेऊन आला. १९८२ चा संप झाला, गिरण्या बसल्या, माणसं गावाकडं परतली. त्यांच्या कहाण्या दुःखाच्या आहेत आणि त्या इतरांनी चांगल्या लिहिल्या आहेत. मला इथं इतकंच म्हणायचं आहे की मासळीत भाजी घालायची कोकणची सवय घाटावर आली त्यात त्या खानावळींचा वाटा मोठा आहे. कोलंबीत शेवगा, सोड्यात भेंडी, सुकटीत वांगं: हे सगळं कोकणात आणि मुंबईच्या पाठारे प्रभू, सीकेपी घरांत जुनंच होतं. पाठारे प्रभू घरातल्याच लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० सालचं. म्हणजे मासळीवर मराठीत लिहायलाही शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला.

सुकट-वांग्याला पाणी वाढवलं की ते सूप होतं, असं म्हणून सुटता येणार नाही. सुकट आधी कोरड्या तव्यावर खमंग भाजायची, चोळून चाळणीत पाखडायची म्हणजे टोकं आणि वाळू गळते, मग कोमट पाण्यात दोनदा झटपट धुवायची. भिजत ठेवली की चव पाण्याबरोबर मोरीत जाते. टोमॅटो यात हवाच. त्याचं कारण जपान्यांनी शोधून ठेवलं आहे. १९०८ मध्ये किकुनाए इकेदांनी समुद्रातल्या शेवाळात ग्लुटामेट शोधलं, १९१३ मध्ये कोदामांनी सुकवलेल्या माशात इनोसिनेट. दोन्ही एकत्र आली की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते. त्यांच्या घरोघरच्या दाशीत शेवाळ आणि सुका मासा असतो. आपल्या पातेल्यात पिकलेल्या टोमॅटोतलं ग्लुटामेट आणि सुक्या मासळीचा अर्क एकत्र येतात. शेवाळ आणायला जपानला जायला नको.

भाज्यांच्या बाबतीत हे दोन जिल्हे श्रीमंत आहेत आणि त्याचा पुरेसा अभिमान बाळगत नाहीत. कृष्णाकाठचं वांगं तर नाव काढलं की तोंडाला पाणी; कोवळं, कमी बियांचं, शिजलं की लोण्यासारखं. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तो रात्री भिजवून वेगळा शिजवून घेतला की माशाच्या सुपाला असा भरीवपणा देतो की भाकरीचीही आठवण उशिरा येते. सांगलीची हळद तर विचारायलाच नको. तिला २०१८ साली मानांकन मिळालं. पुडीतली हळद सगळेच वापरतात, पण जानेवारीपासून हळदीची काढणी सुरू होते तेव्हा ओलं हळकुंड किसून माशाला लावून पाहा. हळदीचं हिरवं पान मात्र काढणीच्या आधी, पावसाळ्यात मिळतं. पातेल्यावर झाकणाआधी पान अंथरलं की सुपाला जो वास लागतो त्याला मसाल्याची गरज उरत नाही. सातारा-सांगलीच्या घरात हळदीचं पान टाकून देतात आणि कोकणात त्याच पानासाठी परसात हळद लावतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

काही भाज्या मात्र माशाशी पटत नाहीत. कोबी उकळला की त्याचा गंधकी वास माशाच्या वासात भर घालतो. कारलं तर नकोच. मेथी कडू होते. पालक चालतो, पण शेवटी, आच बंद केल्यावर. गवारी घालणारी घरं आहेत. त्यांना माझा नमस्कार.

समुद्र नसलेल्या मुलखात माशाचं सूप हा प्रांताचा मान कसा होतो, ते पाहायचं असेल तर हंगेरीकडं पाहावं. त्या देशालाही किनारा नाही. तिथं हलासले नावाचं मच्छीमारांचं सूप करतात, नदीतल्या कार्प आणि शिंगाळ्याच्या जातीच्या माशांचं. सेगेद हे तिसा नदीवरचं शहर त्यासाठी नावाजलेलं. तिथली रीत अशी: बारीक, काटेरी, विकायला नालायक मासे भरपूर कांद्याबरोबर गळेपर्यंत शिजवायचे, चाळणीतून घासून घ्यायचे, त्या दाट लाल पाण्यात मोठ्या माशाचे तुकडे सोडायचे. लाल कशानं? मिरचीनं. सेगेदची लाल मिरचीपूड जगभर जाते. आणि नदीनं त्या शहराला पोसलं तसं बुडवलंही: मार्च १८७९ च्या पुरात जवळजवळ सगळं सेगेद पडलं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा सांगलीकरांनी जे पाहिलं, त्यावरून त्यांना हे समजावून सांगायला नको. नदी, पूर, कांदा, लाल मिरची, काटेरी मासे. दोन्हीकडं सामान एकच. सेगेदकरांनी त्यातून शहराची ओळख केली. आपण अजून म्हणतो आहोत की मासं खावं ते कोकणात.

आता पातेल्याकडं येऊ. पुस्तकात पुढं प्रकार पुष्कळ आहेत, पण सगळ्यांचा सांगाडा एकच, म्हणून तो इथं सविस्तर सांगतो. मापं वाटी-चमच्याची ठेवली आहेत. सांगलीच्या कमलाबाई ओगल्यांनी १९७० मध्ये ‘रुचिरा’त घरातली वाटी आणि चमचा हेच माप धरलं आणि मराठी घरांना मापानं स्वयंपाक करायची भीती राहिली नाही, ती वाट सोडायचं कारण दिसत नाही.

किलोभराचा रोहू किंवा कटला घ्या. तुकडे वेगळे करून त्यांना मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ लावून ठेवा. डोकं, शेपटी, कणा धुऊन आठ वाट्या गार पाण्यात घाला. गार पाण्यातच, म्हणजे कस सावकाश उतरतो. सोबत अर्धा कांदा, आल्याचा तुकडा, चार-पाच ठेचलेल्या लसूण पाकळ्या, सहा-सात मिरे. वर येणारा फेस काढत राहा. पंचवीस मिनिटांनी गाळा. डोक्याजवळचं मांस सुटं करून ठेवा, टाकू नका. ही झाली माशाची अळणी. तिथंच थांबलात आणि मीठ घालून प्यालात तरी चालेल.

दुसऱ्या पातेल्यात दोन चमचे तेलात बारीक चिरलेला कांदा लालसर करा, लसूण ठेचून घाला, दोन टोमॅटो घालून ते पार विरघळू द्या. त्यावर अळणी ओता. मग भाज्या त्यांच्या कडकपणाच्या क्रमानं: आधी बटाटा आणि गाजर, मग शेवग्याच्या शेंगा आणि घेवडा, शेवटी वांग्याच्या फोडी. सगळ्या एकदम टाकल्या की बटाटा कच्चा आणि वांग्याचा लगदा. भाज्या शिजत आल्या की चमचाभर ज्वारीचं पीठ कोरडं भाजून, पाण्यात कालवून लावा. कॉर्नफ्लोअरच्या चिकट चकाकीपेक्षा ज्वारीचा दाटपणा पोटाला आणि जिभेला दोन्हीला बरा. मग अगदी शेवटी माशाचे तुकडे सोडा. डाव घालायचा नाही. पातेलं दोन्ही कानांना धरून हलवायचं. पाच-सहा मिनिटांत मांस पांढरं आणि घट्ट होतं. तेव्हाच आच बंद, झाकण, आणि दहा मिनिटं कुणी हात लावायचा नाही. माशाचं प्रथिन थोड्या उष्णतेतच घट्ट होतं. पुढं शिजवत राहिलं की त्यातलं पाणी पिळून निघतं आणि तुकडा कापसासारखा कोरडा होतो. आपल्याकडं मासा बिघडतो तो बहुतेक वेळा याच पायरीला, उगीच पाच मिनिटं जास्त ठेवल्यानं.

राहिला चटणीचा प्रश्न. या भागात पुस्तक काढून कांदा-लसूण चटणीविरुद्ध बोलणं म्हणजे धाडसच, पण बोलतो. वर्षाची चटणी उन्हाळ्यात करताना तिच्यात खोबरं, तीळ, धणे, लवंग-दालचिनीपासून सगळं पडलेलं असतं. मटणाच्या चरबीला ती पेलते. माशाच्या सुपात तीन चमचे घातली की मासा, वांगं, शेवगा सगळ्यांची चव एकच होते, चटणीची. मग इतकी खटपट कशाला, पाण्यात चटणी उकळून भाकरी बुडवली तरी चालेल. चार माणसांच्या सुपाला एक चहाचा चमचा, आणि तोही कांद्याबरोबर तेलात परतून. ज्याला जास्त हवी त्याच्या ताटात चिमूट द्यावी. तर्री हवी असणाऱ्यांनी वेगळ्या वाटीत तेलात चटणी फुलवून वरून घ्यावी. पातेल्याला हात लावू नये.

हे सूप जेवणाआधी प्यायचं नाही, हेच जेवण आहे. ज्वारीची भाकरी कुस्करून, वर कांदा, लिंबाची फोड. ज्यांच्या घरी माळ आहे त्यांनी मासा वगळून हाच सांगाडा वाघ्या घेवड्यावर उभा करावा; त्यांच्यासाठी मागं वेगळी पानं आहेत. श्रावण पाळणाऱ्यांनाही ती उपयोगी पडतील.

विकत घेताना काय पाहायचं ते तुम्हाला ठाऊक आहे: डोळा फुगीर, कल्ले लाल, बोटानं दाबलं की मांस परत वर येणारं. तरी दोन गोष्टी सांगतो. नदीत मळी सोडल्यानं मासे मरून तरंगल्याच्या बातम्या सांगलीकडं अलीकडच्या वर्षांत वारंवार येतात. अशा दिवसांत स्वस्तात मिळणारा मासा घेऊ नका आणि काठावर वाहून आलेला तर कधीच नको. दुसरं, पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायची हौस. ते अंडी घालायला वर निघालेले असतात. पोट गाभोळीनं भरलेलं असतं. तेवढे दिवस त्यांना जाऊ दिलं तर दिवाळीनंतर त्याच ओढ्यात मासे दिसतील. समुद्रावर १ जूनपासून पावसाळी बंदी लागते, तेव्हा त्या काळात बाजारात दिसणारी समुद्राची मासळीही बहुधा बर्फात बरेच दिवस काढलेली असते. जून-जुलै हे सुकटीचे महिने आहेत.

म्हणून ज्यांनी कधीच माशाचं सूप केलेलं नाही त्यांनी सुरुवात सुकटीपासून करावी. अर्धी वाटी सुकट, दोन कृष्णाकाठची वांगी, एक शेंग, दोन टोमॅटो. आठवडी बाजारात सगळं मिळतं, काट्यांची भीती नाही, आणि बिघडलंच तर नुकसान चहा-भज्यांच्या खर्चाहून जास्त नाही. ते जमलं की झिंगे, मग मरळ. खेकड्याला हात घालायचा तो शेवटी, आणि पहिल्या वेळी जवळ एखादी पाटणकरीण असावी.